मळीची भाषा

खिद्रापूरच्या घाटावर एक वयस्कर शेतकरी फोनवर बोलत उभे होते. बोलणे कानडीत चालले होते आणि त्यात 'मळी' हा शब्द तीन-चारदा आला. मला वाटले, पुरानंतर रानात बसलेल्या गाळाविषयी चालले असावे. कृष्णाकाठच्या मराठीत मळी म्हणजे नदीने आणून टाकलेली गाळाची जमीन. फोन ठेवल्यावर मी विचारले, "अण्णा, मळीत काय लावलंय यंदा?"

"त्या मळीचं न्हवं ओ," ते म्हणाले. "पलीकडं पाऊस लागलाय म्हणं. कानडीत पावसाला मळी म्हंत्यात." मग नदीकडे बघत पुढे म्हणाले, "आणि कारखान्याचं काळं पाणी सुटतंय, त्येनं मासं मरत्यात, तीबी मळीच."

पुस्तकी कन्नडमध्ये पावसाला 'मळे' म्हणतात. धारवाड-बेळगावकडच्या बोलीत शेवटच्या 'ए'चा 'इ' होतो. घराच्या 'मने'चे 'मनी' होते, तसे 'मळे'चे 'मळी'. म्हणजे वरून पडते ती मळी, पाण्यासोबत वाहून येऊन काठावर बसते ती मळी, आणि साखर कारखान्यातून नदीत उतरते तीही मळी. ऐकणाऱ्याला दोहोंपैकी एकच भाषा येत असेल तर त्याला यातले काही कळते, काही निसटते. अण्णांचे काही निसटत नव्हते. ते दिवसभर या दोन भाषांत ये-जा करतात आणि आपण काही विशेष करतो आहोत असे त्यांना वाटतही नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्याचा हा आग्नेय कोपरा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथून कुरुंदवाड, मजरेवाडी, अकिवाट, सैनिक टाकळी अशी गावे मागे टाकत रस्ता उसाच्या भिंतींमधून खिद्रापूरला येतो. गावाला तीन बाजूंनी कृष्णेचा वेढा आहे. समोरच्या काठावर जुगूळ दिसते. ते बेळगाव जिल्ह्यात, कागवाड तालुक्यात. दक्षिणेकडे दूधगंगा दोन राज्यांच्या मधून वाहत येते. तिच्या एका अंगाला दत्तवाड, दानवाड. दुसऱ्या अंगाला सदलगा, एकसंबा. पुढे ती कल्लोळजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्णपणे कर्नाटकाची होते.

नकाशावरची ही रेघ फार जुनी नाही. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी चिकोडी, अथणी हे तालुके मुंबई इलाख्यात होते, आणि अलीकडे कोल्हापूर, कुरुंदवाड, मिरज, सांगली अशी संस्थाने होती. त्या काळच्या खुणा अजून दोन्ही काठांवर आहेत. जमीन दोन्हीकडे एकर-गुंठ्यांत मोजतात. जमिनीच्या कागदाला इकडे सातबारा म्हणतात. तिकडे लिपी वेगळी, पण बोलताना 'उतारा' हाच शब्द. सोयरीक तर नदी बघतच नाही. या काठच्या लेकी त्या काठाला दिलेल्या, त्या काठच्या सुना इकडे आलेल्या. जैन, लिंगायत, मराठा, धनगर, मुसलमान, कुठल्याही घरात चौकशी करा, एखादे तरी माहेर किंवा आजोळ पलीकडे निघते.

या मातीत दोन भाषा किती खोल गेल्या आहेत ते बघायचे तर कोपेश्वराच्या देवळात जावे. शिलाहारांच्या काळातले हे दगडी मंदिर. पुढच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि छताला मधोमध गोल मोकळीक ठेवलेली. तिच्या बरोबर खाली तेवढ्याच घेराची गोल शिळा आहे. बाहेरून पायथ्याशी दगडी हत्तींची रांग सगळ्या देवळाचा भार घेऊन उभी आहे. इथे आत-बाहेर मिळून डझनभर शिलालेख आहेत आणि एक सोडला तर बाकी सगळे कन्नड. तो एक संस्कृत लेख देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाचा, देवनागरी लिपीतला, दक्षिण दाराजवळच्या भिंतीवर. शके ११३६, म्हणजे इ. स. १२१३-१४ सालचा. त्यात देवाच्या पूजेसाठी मिरज देशातले कूडलदामवाड नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. 'कूडल' म्हणजे कन्नडमध्ये संगम. मराठी राजवट म्हणून आपण ज्यांचा अभिमानाने उल्लेख करतो त्या यादवांच्या लेखात, देवनागरीत कोरलेले एक कानडी गावनाव. आठशे वर्षांपूर्वी ते कोरणाऱ्या पाथरवटाला त्यात काही वावगे वाटले नाही.

या देवळात आणखी एक गोष्ट सगळ्यांना चटकन जाणवते. शंकराचे देऊळ असून समोर नंदी नाही. गावातले कोणीही त्याची कथा सांगते. सती नंदीवर बसून बापाच्या यज्ञाला गेली. दक्षाचा तो यज्ञ झाला यडूरला. सतीचे तिथे जे झाले त्याने महादेव कोपले, म्हणून हा कोपेश्वर. त्याची समजूत काढायला विष्णू आला, तो धोपेश्वर. दोघेही गाभाऱ्यात शेजारी-शेजारी आहेत. नंदी मात्र यडूरलाच राहिला. यडूर आज कर्नाटकात, चिकोडी तालुक्यात, कृष्णेच्याच काठावर. तिथल्या वीरभद्राला महाराष्ट्रातून माणसे जातात आणि इथल्या कोपेश्वराला कर्नाटकातून येतात. देव एका राज्यात आणि त्याचे वाहन दुसऱ्या राज्यात, ही गोष्ट इथे कोणी तक्रार म्हणून सांगत नाही.

देवळातून निघून मी रानात गेलो. उसाच्या कोवळ्या लावणीत आठ-दहा बायका भांगलत होत्या. खुरपी चालत होती आणि तोंडेही. कोण मराठीत बोलत होती, कोण कानडीत उत्तर देत होती. एकीने मराठीत सुरू केलेले वाक्य दुसरीने कानडीत पुरे केले, तरी हात थांबला नाही. त्यातल्या एका आक्कांना विचारले, मराठी कुठे शिकलात? "माझं म्हायेर रायबाग तालुक्यात. लगीन होऊन आलो तवा मराठीतला एक शब्द येत न्हवता. सासू संगं भांगलायला न्यायची. ती खुरपं म्हणली की खुरपं, पाटी म्हणली की पाटी. एका सुगीत शिकलो बगा."

'आलो', 'शिकलो'. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे पुरुषाचे बोलणे वाटेल. कोल्हापूरकडच्या आणि सीमेवरच्या बायका स्वतःविषयी असेच बोलतात: मी गेलो, मी केलो, मी जेवलो. हे अडाणीपण समजून शाळेतून 'आले, गेले' असे सुधारून घेतले जाते. पण कन्नडमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' यांना एकच रूप आहे. शेकडो वर्षे दोन भाषा एका बांधावर बसून जेवल्या तर एकीच्या ताटातले दुसरीच्या ताटात येणारच.

इथे दुपारी भेटलेल्या माणसाला पहिला प्रश्न असतो, "जेवण झालं काय?" कानडीत हाच प्रश्न, "ऊटा आतेन?" ऊटा म्हणजे जेवण, आत म्हणजे झालं, एन म्हणजे काय. तीन शब्दांच्या जागी तीन शब्द, त्याच क्रमाने. वाक्याची चौकट एकच, शब्द तेवढे बदलायचे. म्हणून तर एका सुगीत भाषा येते.

हे कोडे भाषाशास्त्रज्ञांना फार पूर्वी पडले होते. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या, सीमेजवळच्या एका तीनेक हजार वस्तीच्या गावाचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. लेखात त्यांनी गावाला 'कुपवार' म्हटले आहे. त्या गावात जैन आणि लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दोर वळणारे काही लोक तेलुगू, आणि या सगळ्यांच्या मधली भाषा मराठी. प्रत्येकाने घरात आपापली भाषा सांभाळली होती, शब्द वेगळे ठेवले होते. पण वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत उतरवता येई. जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत आजही या गावाचा दाखला देतात. पुढे सुमारे चार दशकांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्या अभ्यासाची पुन्हा तपासणी केली. आपल्या बांधावरची ही गोष्ट जगाला माहीत आहे, मराठी वाचकाला मात्र फारशी नाही.

खरे तर आपल्या भाषेतच तिच्या खुणा आहेत. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द कन्नडमधून आल्याचे अभ्यासक सांगतात. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ सालच्या ग्रंथात हा धागा कसून तपासला. आणि अशा मातीत काय पिकते याचा एक दाखला दूधगंगेकाठच्या सदलग्याला आहे. प्राकृताचे थोर पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये १९०६ साली तिथे जन्मले. त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, आणि १९६७ साली श्रवणबेळगोळला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एकाच माणसावर दोन्ही काठांचा हक्क.

गावात सणसुद्धा दोनदा येतात. ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकी बेंदूर होतो, महिनाभराने महाराष्ट्रीय बेंदूर. काही घरे पहिला पाळतात, काही दुसरा, आणि बऱ्याच घरांत बैलांना दोनदा पुरणपोळी मिळते. उसाच्या वाड्याच्या मोळ्या मोजणारा एक पोरगा मी पाहिला. मोजत होता 'ओंद, यरड, मूर'. पैसे मात्र त्याने मराठीत सांगितले.

पण या दोन भाषा केवळ गोडव्याच्या नाहीत. त्यांची खरी किंमत पावसाळ्यात कळते.

नदीकाठच्या शेतकऱ्याचा पावसाळा पेरणीने सुरू होत नाही, मोटर वर काढण्याने सुरू होतो. ऊस जगतो नदीच्या पाण्यावर. काठावर ओळीने मोटरी बसवलेल्या. कोणाच्या स्वतःच्या, कोणाच्या भागीत, कोणाच्या पाणीपुरवठा संस्थेच्या. पाणी चढू लागले की त्या बुडण्याआधी वर आणायच्या. मी गेलो त्या दिवशी हेच काम चालले होते. एकाने पाईप सोडवला, एकाने केबल गुंडाळून खांद्यावर घेतली. मोटरीला दोरखंड बांधून सहा जण वरच्या टप्प्यावरून ओढू लागले. काठ निसरडा, पायाखाली चिखल. "ओढ! ओढ!" असा एक आवाज, त्याला लागूनच "एळी! एळी!" असा दुसरा. दोहोंचा अर्थ एकच. मध्येच कोणाचा तरी पाय घसरला आणि खालून ओरडा आला, "तडी!" सहाच्या सहा जण जागच्या जागी थांबले. 'तडी' म्हणजे कानडीत थांब. मराठी माणसानेही दोर तिथेच धरून ठेवला. तो शब्द ज्याला कळला नसता, त्याच्या हातून मोटर खालच्या माणसाच्या अंगावर गेली असती.

हेच मोठ्या प्रमाणात महापुराचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांनी शिरोळ तालुका वेढला. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. काठची गावेच्या गावे माणसे, जनावरे घेऊन उठली. अशा वेळी इथल्या माणसाला चार गोष्टी कळाव्या लागतात. कोयना आणि राधानगरीतून किती पाणी सुटले, आयर्विनला किती फूट झाले, हिप्परगी बंधाऱ्याचे दरवाजे उघडले का, आणि आलमट्टीतून किती क्युसेक सोडले. पहिल्या दोन बातम्या वरून, मराठीतून येतात. पुढच्या दोन खालून, कन्नडमधून येतात. वरून लोंढा येतो तेव्हा खालचे पाणी तुंबलेले असेल तर फुगवटा धरतो आणि पूर उतरत नाही. ज्याला एकच भाषा येते त्याच्या हाती पुराची अर्धीच बातमी असते. सरकारी पत्रके आता मोबाइलवर येतात हे खरे, पण रात्री दोन वाजता गोठ्यातली जनावरे सोडायची की नाही हे इथला माणूस अजूनही पाहुण्याच्या फोनवरून ठरवतो. पाहुणा उगारला असेल, कुडचीला असेल. तो म्हणतो, "नीर बंत." पाणी आलं. तेवढे पुरते.

उन्हाळ्यात हेच उलट होते. नदी आटली की कर्नाटक कोयना-वारणेतून पाणी मागते, आणि ते राजापूरच्या बंधाऱ्यावरून पलीकडे जाते. पावसाळ्यात महाराष्ट्र म्हणतो, आलमट्टीतून पाणी सोडा. कृष्णा खोऱ्याच्या पाण्यासाठी आजवर दोन लवाद झाले. आलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा प्रस्ताव शिरोळ-सांगलीच्या काठावर आजही धसका म्हणून बोलला जातो. २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराचा दोष आलमट्टीला दिला नाही. काठावरच्या माणसाचे समाधान मात्र झालेले नाही. हा वाद अभियंत्यांनी आणि न्यायाधीशांनी सोडवायचा आहे. पण जे एकमेकांना पाणी मागतात, त्यांना एकमेकांची भाषा समजत असणे ही निदान पहिली पायरी आहे, आणि ती या गावांनी कधीच चढलेली आहे.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगतो. ही पायरी झिजते आहे.

अण्णांना दोन्ही भाषा अस्खलित येतात. त्यांच्या मुलाला कानडी समजते, पण बोलताना तो अडखळतो. नातू शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी शिकतो. त्याला देवनागरी आणि रोमन लिपी वाचता येते. कर्नाटकाची एसटी आली की पाटीवरचे गाव त्याला वाचता येत नाही. कंडक्टरला विचारतो, तेही हिंदीत. पलीकडच्या जुगूळच्या पोराची गत वेगळी नाही. त्याच्या शाळेत कन्नड आणि इंग्रजी. ही दोन पोरे उद्या भेटली तर तुटक्या हिंदीत किंवा इंग्रजीत बोलतील, आणि त्यांच्या आज्या मात्र एकमेकींशी दोन भाषांत तासभर बोलत बसतील.

यात कोणाचा दुष्टावा नाही. शेजाऱ्याची भाषा इथे शाळेने कधी शिकवलीच नव्हती. ती रानाने शिकवली. भांगलण, मळणी, गुऱ्हाळ, बेंदूर, नावेतून पलीकडे जाणे, ही तिची शाळा. आता तण मारायला औषधाचा फवारा आला. मळणीला यंत्र आले. ऊस तोडायला बीडकडची टोळी येते. पोरगा शिकून कोल्हापूर-पुण्याला जातो. काम गेले, तशी कामात शिकलेली भाषाही चालली.

त्यावर सीमावादाची सावली आहे. १९६७च्या महाजन अहवालापासून २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्यापर्यंत त्याचा इतिहास मोठा आहे आणि त्यातले मराठी माणसाचे दुःख खरे आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाला सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा ही मागणी न्याय्यच आहे. तितक्याच ठामपणे म्हटले पाहिजे की जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरमधल्या जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळांना चांगले कन्नड शिक्षक आणि वेळेवर पुस्तके मिळाली पाहिजेत. आपल्या भाषेचा मान मागायचा आणि शेजारणीच्या भाषेला परकी म्हणायचे, हे कृष्णाकाठच्या रीतीत बसत नाही. जो आपल्या घरात कानडी सुनेला मराठी शिकवतो, तोच तिच्याकडून कानडी शिकतो. इथली रीत ही आहे.

२०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा कोणती, यावर मोठे वादळ उठले आणि शेवटी सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. त्या सगळ्या चर्चेत खिद्रापूर, राजापूर, दानवाडच्या पोरांची तिसरी भाषा नदीपलीकडे हाकेच्या अंतरावर आहे, हे कोणाच्या तोंडी आले नाही. दिल्लीने किंवा मुंबईने ठरवावी अशी ती नाही. ती आजीच्या तोंडी आहे, गोठ्यात आहे, देवळाच्या भिंतीवर कोरलेली आहे.

म्हणून एक मागणी मांडून थांबतो. सीमेवरच्या मराठी शाळांत आठवड्यातून दोन तास बोलली जाणारी कानडी शिकवा. परीक्षा नको, गुण नकोत. पाणी, पाऊस, पूर, शेत, सोयरे, बाजार यांतली वाक्ये आली आणि एसटीची पाटी वाचता आली तरी पुष्कळ झाले. पलीकडच्या कन्नड शाळांनी मराठीसाठी तेच करावे. त्यासाठी कायदा करायला नको, मोठी तरतूदही नको. दोन काठांच्या दोन मुख्याध्यापकांनी मनावर घेतले तरी पुढच्या जूनपासून सुरू होईल. शिक्षक शोधायला लांब जावे लागणार नाही. ते गावातच, आपापल्या घराच्या सोप्यात बसलेले आहेत. मात्र त्यांतल्या बहुतेकांनी साठी ओलांडली आहे.